पोटगी, पगार आणि 'हातात येणारे' पैसे

लोट्याच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं पगारपत्रकं करतेय, त्यामुळे हे लिहायला हरकत नसावी.

मावसबहिणीची पोटगीची केस चालू आहे. नवऱ्याने कोर्टात दिलेल्या पगाराच्या स्लिपा घेऊन ती रविवारी आली. "ताई, त्याच्या हातात २१,६६०च येतात गो. त्यातून पोराला काय मिळणार?"

मी स्लिप वरून वाचायला घेतली. एकूण पगार ४८,०००. सक्तीची कपात म्हणाल तर पीएफचे २,६४० आणि व्यवसाय कराचे २००. बाकी पतपेढीचा हप्ता १२,०००, एलआयसी ३,५०० आणि मर्जीने वाढवलेला पीएफ ८,०००. हा शेवटचा रकाना जुन्या स्लिपेत कोराच होता. नोटीस गेली आणि दुसऱ्या महिन्यापासून साहेबांना म्हातारपणाची काळजी लागली!

कर आणि सक्तीचा पीएफ वजा होणं समजू शकते. स्वतःची बचत नि स्वतःच्या कर्जाचा हप्ता पोराच्या ताटातून का कापायचा? कोर्टंही अशा कपाती सहसा मान्य करत नाहीत. पण कोणीतरी बोट ठेवून दाखवायला लागतं.

आणि स्लिपेत न दिसणारं वेगळंच. कंपनीची खोली, कंपनीची बस, नाममात्र दरात कॅन्टीन. हे रोख नाही, खरंय. खोली विकून फी भरता येत नाही. पण चिपळुणात भाडं भरणाऱ्याचे ४८,००० आणि याचे ४८,००० एकच कसे? रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या केसमधल्या दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्यात नोकरीतल्या भत्त्यांचा आणि सवलतींचा तपशील मागितलेला आहे. आपल्याकडे मुलाच्या पोटगीचा ठरलेला तक्ता नाही, म्हणून तर हा कागद नीट भरून घ्यायचा. फॉर्म १६ (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा नि कापलेल्या कराचा दाखला) मागा, बोनसचं विचारा.

मेडिक्लेमचं मात्र डोकं फिरवतं. "पोराचं नाव कंपनीच्या पॉलिसीत आहे, औषधपाण्याचे वेगळे कशाला?" असं त्याच्या वकिलांचं म्हणणं. कार्ड बापाच्या खिशात. जूनमध्ये पोराला ताप भरला तेव्हा साहेबांचा फोन बंद, नि हिने बांगडी गहाण टाकली. तो फायदा हिशेबात धरायचाच असेल तर आधी कार्ड आईच्या हातात द्या.

पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. प्रतिज्ञापत्रातला सवलतींचा रकाना त्याने रिकामा सोडलाय. वकिलांना दाखवायला मी त्यावर लाल पेनाने खूण करून दिलीय.