फट म्हणता

आमच्या संगीत विद्यालयाच्या बांधकाम समितीवर माझी निवड एकमताने झाली. ज्यांना गळा होता त्यांनी गायचं ठरलं, ज्यांना हात होता त्यांनी तबला-पेटी सांभाळायची. उरलो मी. गेली ११ वर्षं मी बाईंकडे गाणं शिकतोय आणि या ११ वर्षांत त्यांनी मला एकही बंदिश शेवटपर्यंत म्हणू दिलेली नाही. मुखड्यावरून समेवर यायच्या आत "थांब" येतं. "तुला विटांचं जास्त कळेल," असं बाई निवडीच्या वेळी म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

इमारत जुनी. हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, आणि एक जिना, ज्याची चौथी पायरी वर चाललेल्या कुठल्याही रागात वर्ज्य स्वर लावते. कोपऱ्यातली ओल मागे कोणीतरी सिमेंटचा गिलावा थापून दडवली होती. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि सुकते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते आणि सवडीने पोपडे घेऊन येते. ते सगळं खरवडायचं होतं. गवंडी थापीच्या दांड्याने भिंत ठोकत पुढे सरकायचा आणि भद्द आवाज आला की तिथे खडूने फुली मारायचा, कारण तिथे गिलावा आतून सुटलेला. तबल्याचे सर दारात उभे राहून ऐकत होते. "याला कान आहे हो," म्हणाले, आणि त्याला क्लासला यायचं आमंत्रणच देऊन बसले. गवंड्याने विचारलं, "हजेरी किती पडेल?" त्यांनी विषय तिथेच संपवला.

बांधकाम चालू, वर्गही चालू. टाइल कापायचं मशीन दिवसभर एकच सूर धरून असायचं. एक मुलगा तंबोरा बाजूला ठेवून त्या मशीनवर सा लावून बसला. बाई तावातावाने आल्या, क्षणभर ऐकलं, आणि तशाच परत गेल्या. सा बरोबर लागला होता.

खरं रामायण घडलं ते मागच्या अंगाला काढलेल्या नव्या खोलीवरून. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणाले, जुनी इमारत बसायची तेवढी केव्हाच बसली आहे. नवी अजून बसायची आहे. दोघींना एकमेकींत बांधलं तर नवी बसताना जुनीला ओढणार आणि तडा त्याला वाटेल तिथून जाणार. म्हणून पायापासून छतापर्यंत मध्ये २५ मिलिमीटरची फट हवी.

दुपारी ध्वनितज्ज्ञ आले. नकाशावर त्या रेघेशी त्यांचं बोट थांबलं. "हे काय?"

"फट," मी म्हणालो.

आणि ब्रह्महत्या झाली. ५० डेसिबल आवाज अडवणाऱ्या भिंतीचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत जेमतेम २० डेसिबल अडवते, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कागदावर लिहून. "पलीकडे तबला, अलीकडे गाणं, आणि मध्ये फट! मग भिंत बांधताच कशाला?" मी इंजिनिअरांना फोन लावला. "फट नसेल तर माझी सही नाही." तज्ज्ञांना लावला. "फट असेल तर माझं नाव सांगू नका." दोघांनी एकमेकांशी एकदाही न बोलता माझ्यामार्फत पंधरा दिवस भांडण केलं. मी दोघांच्याही मते मूर्ख होतो, आणि एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं जुळत होतं.

तेवढ्या काळात जुन्या हॉलचा प्रश्नही पेटला. बाईंना गुंज हवी होती, तबल्याच्या सरांना ती अजिबात नको होती. द्रुत लयीतला एकेक बोल सुटा ऐकू यायला हवा. तज्ज्ञांनी वॉलेस साबिन या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. १८९५ साली हार्वर्डच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि पुढच्या बारा-पंधरा अक्षरांच्या अंगावर पडायचा. साबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या कमी-जास्त करत घुमण्याचा काळ मोजला आणि पहाट व्हायच्या आत परत नेऊन ठेवल्या. आवाज शोषण्याचं माप त्याने ठरवलं ते उघड्या खिडकीवरून, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. (शेजारी येतात.)

ही गोष्ट मी समितीत रंगवून सांगितली, ही माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून गाद्या वाहायचं काम समितीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बारा गाद्या भिंतींना टेकवल्या. बाईंनी सा लावला आणि म्हणाल्या, "तोंडातून निघाला की मरतोय." सहा काढल्या. सरांनी धिरधिर वाजवून पाहिलं. "चिखल होतोय नुसता." दोन आत आणल्या, एक बाहेर नेली. आठव्या फेरीला मी तिथल्याच एका गादीवर आडवा झालो. शेवटी भिंतींना सरकते जाड पडदे लागले: तबल्याला ओढायचे, गाण्याला बाजूला सारायचे. आता कोणी किती ओढले यावरून भांडण होतं, पण त्यात मी नसतो.

फटीवर तोडगा मात्र दोघांच्याही डायरीत आधीपासूनच होता, असं नंतर कळलं. फट ठेवायची, पण मोकळी नाही. आत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, दाबून भरायचं, दोन्ही तोंडांना रबरासारखं ताणणारं सीलंट, वर झाकणपट्टी, आणि ती पट्टी एकाच बाजूला स्क्रूने आवळायची, म्हणजे भिंती हलल्या तरी ती उखडत नाही. कामगारांनी ती दोन्ही बाजूंनी आवळली. मजबूत व्हावी म्हणून. परत सोडवली. आम्ही सगळे त्या फटीकडे डोळे लावून बसलेलो असताना वायरमनने शांतपणे खोल्यांमधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर स्विचबोर्ड बसवले, म्हणजे भिंतीला सरळ आरपार भोकच. तेही बुजवून बोर्ड हलवले.

मग चाचणी. तज्ज्ञांनी यंत्र काढलं. बाई म्हणाल्या, यंत्र ठेवा, माणूस गाऊ दे. असा कोणीतरी, की पलीकडे कणभर जरी आवाज पोचला तरी कानाला तात्काळ कळेल. कोणी नाव घेतलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी नव्या खोलीत शिरलो, दार लावलं आणि सुरू केलं. मुखडा संपला. सम आली. मी सवयीने थांबलो. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पुढे गेलो. स्थायी झाली, अंतरा झाला. कधीच न शिकवलेल्या ताना घेतल्या, त्यातली एक कुठून निघाली ते मला अजून कळलेलं नाही. पूर्ण बंदिश, ११ वर्षांत पहिल्यांदा. घामाघूम होऊन बाहेर आलो तेव्हा जुन्या हॉलमध्ये सगळे भिंतीला कान लावून तसेच उभे होते.

"अरे, सुरू कर ना," बाई म्हणाल्या.

"झालं, बाई. पूर्ण झालं."

तज्ज्ञांनी तिथल्या तिथे कागदावर नाव लिहिलं. बाई नव्या खोलीत गेल्या, चारी भिंतींवरून हात फिरवला, माझ्या खांद्यावर थोपटलं. इतक्या प्रेमाने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"आजपासून तू रियाजाला इथे बसायचं," त्या म्हणाल्या. "फक्त दार तेवढं घट्ट लावत जा."