‘वासच गेलाय ना, जीव तर वाचला!’

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक जुनाच फॉरवर्ड पुन्हा टाकला: ‘करोनात वास-चव गेली म्हणून रडू नका. डोळे-कान शाबूत आहेत ना? जेवण कमी जाईल, वजन आपोआप उतरेल. संत्रं गॅसवर काळं होईस्तोवर भाजा, गुळाबरोबर खा, वास परत. बाकी सगळे मनाचे खेळ.’ खाली अकरा अंगठे. मामा, एप्रिल २०२१पासून यातलं एकेक वाक्य मी भोगलंय, म्हणून लिहिते.

आधी ते मनाचे खेळ. हा विषाणू नाकात वर, गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर चढतो. आधार ढासळला की गंधपेशीही गप्प. केंद्र सरकारने १३ जून २०२० रोजी वास-चव जाणं लक्षणांच्या यादीत घातलं, ते उगाच नाही. मनाशी संबंध आहे, पण उलट्या बाजूने. मेंदूत वासाची वाट भावना आणि आठवणींच्या भागांना अगदी लागून जाते. लेक तेव्हा पाच महिन्यांची होती. न्हाऊ घातल्यावर तिच्या टाळूला नाक लावलं, तर काहीच नाही. दुसऱ्या कुणाचं बाळ मांडीवर दिल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगणार? सांगितलं की ‘जीव वाचला ना’ हे ठरलेलं.

वजनाचं म्हणाल, तर जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूममधली रुचकर चव) एवढंच कळतं. बाकी चव नाकाची. आमटी म्हणजे नुसतं गरम, खारट पाणी. कुणाचं खाणं सुटतं, कुणी चव शोधत मीठ-साखर वाढवत जातं. माझं वजन चार किलोंनी वाढलं. तीन महिन्यांनी वास आला तोही वाकडा: फोडणीतला कांदा कुजल्यासारखा, कॉफी जळक्या रबरासारखी. याला पॅरॉस्मिया म्हणतात. आमच्याकडे ‘नखरे’ म्हणाले.

डोळे-कान शाबूतच होते. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन घालतात. दूध उतू जाऊन बर्नर विझला, मी तिथेच भाजी चिरत बसले होते. शेजारच्या काकू धावत आल्या.

आणि संत्रं! हा जमैकाचा घरगुती उपाय २०२०च्या अखेरीस टिकटॉकवरून जगभर गेला. बहुतेकांचा वास आपसूक परततो, श्रेय संत्र्याला मिळतं. खरी कसरत वेगळी आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे गंधतज्ज्ञ थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये मांडलेली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचं, बारा आठवडे. रामबाण नव्हे, कंटाळवाणी आहे, पण न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत जास्त सुधारणा दिसली.

मला लवंग चौथ्या महिन्यात लागली. कॉफीचं अजून खरं नाही. रविवारी येते, मामींना पोहे करायला सांगा. फक्त फोडणी होईपर्यंत मी अंगणात बसेन.