‘पगारी खेळाडूंनी युद्ध चुकवले’ या आरोपाची तपासणी

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे व्यावसायिक फुटबॉलपटू भरपूर पैसे घेऊन खेळत राहिले आणि सक्तीची भरती आल्यावरच नाइलाजाने सैन्यात गेले, हा 1914च्या अखेरीस गाजलेला आरोप आजही इतिहास म्हणून पुढे पाठवला जातो. ग्लासगोच्या गोव्हन भागात 1886 साली जन्मलेल्या जिमी स्पीअर्स या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कारकिर्दीवर तो घासून पाहण्यासारखा आहे.

पहिला मुद्दा पैशांचा. रेंजर्स आणि क्लाइड या स्कॉटिश क्लबांकडून खेळल्यावर स्पीअर्स 1909 मध्ये ब्रॅडफर्ड सिटी या इंग्लिश क्लबात आला. 1911च्या एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेची, न्यूकॅसलविरुद्धची अंतिम लढत गोलशून्य सुटल्याने ती 26 एप्रिलला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर पुन्हा खेळवली गेली आणि तिथला एकमेव गोल कर्णधार स्पीअर्सने डोक्याने केला. पुढच्या वर्षी व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या लीड्स सिटी क्लबने त्याच्यासाठी 1,400 पौंड मोजले. असा आकडा वाचला की खेळाडू गब्बर झाला असणार असे वाटते. प्रत्यक्षात ही रक्कम एका क्लबने दुसऱ्या क्लबला दिलेली असे. खेळाडूच्या पगारावर 1901 पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती आणि 1910 नंतर तीही फक्त क्लबकडून दीर्घकाळ खेळलेल्या खेळाडूंसाठी पाचापर्यंत वाढली.

दुसरा मुद्दा सक्तीचा. सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी 1916 मध्ये झाला आणि सुरुवातीला तो अविवाहितांनाच लागू होता. स्पीअर्स विवाहित, दोन मुलांचा बाप. तरीही 1915 मध्येच तो कॅमेरॉन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत दाखल झाला. हंगाम संपल्यावरच तो गेला हे खरे, आणि लीगने (क्लबांच्या साखळी सामन्यांच्या संघटनेने) 1914-15चा हंगाम पूर्ण खेळवला हेही नाकारता येत नाही. परंतु सामने चालू ठेवण्याचा निर्णय लीगच्या कारभाऱ्यांचा होता, करारात बांधलेल्या खेळाडूंचा नव्हे. एडिनबराच्या हार्ट्स क्लबचे खेळाडू तर संघ स्कॉटिश लीगमध्ये अव्वल असताना, नोव्हेंबर 1914 मध्येच, भरती झाले होते.

राहिला प्रश्न आघाडीवर कोण लढले याचा. मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळवलेला सार्जंट स्पीअर्स 20 ऑगस्ट 1917 रोजी, बेल्जियममधील ईप्रच्या तिसऱ्या लढाईत, मारला गेला; तिथल्याच डोची फार्म दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याला अपवाद ठरवायचे, तर 1911च्या त्याच विजयी संघातला बॉब टॉरन्स 1918 मध्ये मारला गेला, आणि लीड्स सिटीतला त्याचा सहकारी एव्हलिन लिंटॉट फ्रान्समधील सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलै 1916 रोजी, धारातीर्थी पडला.