27 पैशांचा हिशेब

आज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत आला. एका मताचे पाचशे रुपये भागिले पाच वर्षं, म्हणजे दिवसाला 27 पैसे. एवढी भीक भिकारीही घेत नाही आणि आपल्या लोकांनी तेवढ्यात गाव विकलं. खाली टाळ्याच टाळ्या. 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीचा 21 डिसेंबरला निकाल लागला तेव्हापासून हेच सुरू आहे. पण आज माझ्या पोरीनं तो मोठ्यानं वाचला, आणि माय तिथंच सुपात डाळ निवडत बसली होती.

माय म्हणाली, "रोजचे 27 पैसे कायचे व? मले तं सारे एकाच दिवशी लागले होते."

तेव्हापासून डोकं फिरलं आहे, म्हणून लिहितो.

2016 ची नगरपरिषद आठवा. मतदान 27 नोव्हेंबरला, आणि नोटबंदी झाली 8 तारखेला. कापूस वेचणीचा ऐन हंगाम. माय लोकांच्या वावरात वेचायला जायची, पण दोन हप्ते मजुरी हातात नव्हती. शेतकऱ्याचाही दोष नव्हता. व्यापारी त्याला म्हणे जुन्या नोटा घे नाही तर चेक घे, आणि बँकेतून आठवड्याला 24 हजारांच्या वर निघत नव्हते. किराणावाल्यानं उधारी बंद केलेली. बाबांच्या शुगरच्या गोळ्या संपलेल्या. अशात मतदानाच्या आदल्या रात्री दहा वाजता उमेदवाराची माणसं दारात आली. बँकेत दिसत नव्हत्या त्या शंभराच्या नोटा यांच्याकडे गड्डीनं होत्या! पाच नोटा मायच्या हातात दिल्या आणि आमच्याच देव्हाऱ्यातलं हळदकुंकू तिच्या तळहातावर ठेवून शपथ घ्यायला लावली.

मी तेव्हा घरी नव्हतो. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी तिला काय काय बोललो ते इथं लिहवत नाही. मत विकलंस, आम्हाला विकलंस, असं सगळं. ती एवढंच म्हणाली, "पाच वर्षांत एकडाव कोणी माह्या दारात वाकून उभं राह्यते बापा." त्या रात्री ती जेवली नाही.

पैसे घेणं चूक आहे, मान्य. वाटणारा ते नंतर नालीच्या नि रस्त्याच्या बिलातून काढतो, हेही मला कळतं. झालं?

आता दुसऱ्या बाजूचंही बोलू. मेसेज टाकणारे बहुतेक नव्या लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतले. शिकलेले, नोकरीवाले. त्यांच्या दारात रात्री कोणी पाकीट घेऊन जात नाही, खरं आहे. गरजच पडत नाही. तिथं घरं चार होती तेव्हाच सिमेंटचा रस्ता झाला. खांबावर लाइट लागले. ओपन स्पेसला कंपाउंड झालं. हे कोणत्या भावात धरायचं? त्याला भागाकार कोणी करत नाही. आणि मत कोणाला? आपल्या समाजाचा आहे, साळ्याच्या नात्यातला आहे, लेकराची बदली करून देईल. तीन बटणं दाबायची होती, दोन नगरसेवकांची आणि एक अध्यक्षाचं. त्यातलं एक तरी काम पाहून दाबलं का, ते स्वतःला विचारा. मायनं निदान गोळ्यांसाठी दिलं.

आणि मधली चार वर्षं? ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुकाच अडकल्या, नगरपरिषदेत प्रशासक बसला. आमच्या गल्लीतून किती निवेदनं गेली. आवकचा शिक्का मारून मिळायचा, बस. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही. लेआउटवाल्यांचं मात्र त्या काळातही फोनवर भागत होतं. आमच्याकडे साहेबाचा नंबर नसतो, आमच्याकडे फक्त मत असतं, आणि चार वर्षं तेही नव्हतं. त्या चार वर्षांत मायच्या दारात एक माणूस आला नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मेसेज टाकणारा माझा वर्गमित्र आहे. बाबांना रात्री दोन वाजता यवतमाळला न्यायचं होतं तेव्हा यानंच गाडी काढली होती, डिझेलचे पैसेही घेतले नव्हते. त्याच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं.

मायनं 2016 ला ठरल्या बटणावरच बोट ठेवलं. मी म्हटलं होतं, मशीनमध्ये कोण पाहते, दुसरं दाबायचं होतं. ती म्हणे, "कुंकू हाती घेतलं होतं न मी." ज्यानं शपथ घ्यायला लावली तो निवडून आला. आमच्या दारासमोर नाली बांधून देतो म्हणाला होता. नाली अजून कच्चीच आहे. तिच्यावर आम्ही फळी टाकली आहे, त्यावरून घरात जातो.

2025 ला, 2 डिसेंबरला माय सकाळीच मत टाकून आली. कोणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या रात्रीची माफीसुद्धा अजून मागितलेली नाही.

मित्रा, तो हिशेब ग्रुपवर परत टाकू नको. टाकायचाच असेल तर घरी ये आणि मायसमोर वाच. ती चहा ठेवेल. येताना फळीवर जपून पाय ठेव, डाव्या बाजूनं सडली आहे.