नऊ इंची बाऊल, नऊ मासे: एका फॉरवर्डचा समाचार

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. मासे पाळायला मोठी टाकी लागत नाही, टेबलावरचा नऊ इंची काचेचा बाऊल पुरतो. फिल्टर, पंप हे दुकानदारांचे धंदे. दर रविवारी सगळं पाणी ओतून द्या, खडी आणि बाऊल साबणाने धुवा. मासा भांड्याएवढाच वाढतो. फायटर (बेटा) मासा तर डबक्यातलाच, त्याला पेलाभर पाणी पुरे. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवा. एखादा मेला तर घरावरचं संकट घेऊन गेला समजा. मुलांना पावसाळ्यात बेडकाची पिल्लं आणून द्या, किंवा दुकानातला ‘हसरा’ उभयचर प्राणी अ‍ॅक्सोलॉटल घ्या. कंटाळा आला की सगळं नदी-तलावात सोडा, पुण्य लागेल. खाली हात जोडलेले चार इमोजी.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आहे. पाणी नितळ दिसतंय ना, मग मासा मजेत. आणि घरच्या टाकीत माशांचा जीव घेणारी गोष्ट नेमकी दिसत नाही.

‘बाऊल पुरतो, फिल्टर नको’

नऊ इंची गोल बाऊल गळ्याच्या थोडा खाली भरला तर पाणी मावतं जेमतेम पाच लिटर. मासा त्यातच खातो, त्यातच श्वास घेतो, त्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून चोवीस तास अमोनिया बाहेर पडत असतो आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर घालतात. या अमोनियाला रंग नाही, आणि माशाच्या जिवावर बेतेल इतका साठला तरी आपल्या नाकाला कळत नाही. बसलेल्या, म्हणजे काही आठवडे चालून स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा थर असतो. तो अमोनियाचं आधी नायट्राइट करतो, मग नायट्रेट. पहिले दोन्ही घातक. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं.

म्हणजे फिल्टरचं पहिलं काम कचरा गाळणं नाही, या जिवाणूंना राहायला जागा देणं आहे. साधा स्पंज फिल्टर आणि छोटा हवेचा पंप काही शे रुपयांत येतो आणि वीज खातो ती जेमतेम चार-पाच वॉट. दुकानदाराला यात फार काही सुटत नाही. त्याची खरी कमाई दर महिन्याला नवा मासा न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकावर होते, आणि ते गिऱ्हाईक त्याला हा मेसेजच मिळवून देतो.

पाणी कुठून येतं त्यानेही फरक पडतो. पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. 25 अंशांना तो 7 असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच अतिविषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं जड, खारट पाणी येतं आणि त्याचा पीएच चढाच असतो. त्यात एप्रिल-मे. पाणी 20 अंशांचं असताना त्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसात. गोल बाऊल तोंडापर्यंत भरला की हवेला टेकणारं पाण्याचं तोंड आणखी लहान होतं. भांडं जितकं लहान तितकं सगळं पटकन बिघडतं. नवशिक्याने खरं तर दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीपासून सुरुवात करावी. काठोकाठ भरली तर तिच्यात छप्पन लिटर पाणी बसतं, आणि चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

‘दर रविवारी सगळं पाणी बदला’

माझ्या मते अख्ख्या मेसेजमधला सगळ्यांत घातक सल्ला हाच, कारण तो जबाबदारीचा वाटतो. रविवारी दुपारी बाऊल चकाचक होतो, खडी नव्यासारखी दिसते, घरातले खूश. सोमवारी मासा कोपऱ्यात, पंख अंगाशी चिकटलेले, कल्ले भात्यासारखे हलतायत. झालं काय? जिवाणूंचा जो काही थर आठवडाभरात धरला होता तो साबणासकट मोरीत गेला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेल्यांना संपवलं आणि माशाचे कल्लेही भाजून काढले. वर पाण्याचं तापमान एका झटक्यात बदललं. मग घरातले म्हणतात, एवढं स्वच्छ ठेवूनही मासे टिकत नाहीत! त्या स्वच्छतेपायीच ते टिकत नाहीत.

पाणी बदलायचंच, पण आठवड्याला पाव हिस्सा. बादलीत पाणी आदल्या दिवशी काढून उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून हायपोचे खडे मिळतात. नवं पाणी आणि टाकीतलं पाणी हाताला सारखंच कोमट किंवा सारखंच गार लागलं पाहिजे. टाकीतून काढलेलं पाणी लगेच फेकू नका. त्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबा. चहासारखं तपकिरी पाणी निघेल. तेवढंच पुरे. स्पंज पिवळट, जरा बुळबुळीत राहिला पाहिजे. तो पांढरा होईपर्यंत पिळला तर सगळं पहिल्यापासून. बादलीतलं ते पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. साबणाचा हात टाकीत कधीच नको.

नवी टाकी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. कुणा ओळखीच्याच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम बरंच लवकर होतं. टाकी बसली की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून रंग बघायची चाचणी मिळते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आला की मासे आणायचे, तेही एकदम नाही, दोन-दोन करून.

‘मासा भांड्याएवढाच वाढतो’

खुंटतो, हे खरं. पण ती भांड्याशी केलेली तडजोड नव्हे, साठलेल्या घाणीने आणि कोंडीने झालेली हानी आहे. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. नीट ठेवला तर सहज सहा-आठ इंचांचा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. ‘आमचा तर बाऊलमध्ये दोन वर्षं होता’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला ते यश वाटतं. आयुष्याचा फार तर पाचवा हिस्सा झाला होता त्याचा.

‘फायटर डबक्यातला मासा’

अर्धसत्य. फायटर मूळचा थायलंडकडचा. त्या देशाने 2019 मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. भातखाचरांत, दलदलीत राहतो, आणि डोक्यातल्या एका खास अवयवामुळे वरची हवा घेऊ शकतो. म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरतो. पण भातखाचर उथळ असलं तरी दूरवर पसरलेलं असतं. त्यात गाळ, झाडं, किडे, जिवाणू, सगळं असतं. खोली कमी म्हणजे पाणी कमी, असं होत नाही. आणि हवा वरून घेता आली म्हणून अमोनियापासून सुटका होत नाही. एका फायटरला वीसेक लिटर, झाकण, संथ स्पंज फिल्टर आणि थोडी झाडं द्या. नर मात्र एकटाच ठेवायचा. पुण्या-नाशिकच्या थंडीत त्याला हीटरही लागतो; मुंबईकरांची त्यातून बहुधा सुटका आहे.

गटारात जगणाऱ्या गप्पीचा दाखलाही याच ओघात दिला जातो. गटारात गप्पींची वस्ती टिकते, कारण शंभर मेले तर दोनशे जन्मतात. तुमच्या बाऊलमधला एकेक मासा टिकतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

‘नऊ मासे ठेवा, मेला तर संकट टळलं’

श्रद्धेशी माझं भांडण नाही, कुणी नऊ ठेवा नाहीतर अकरा. पण या वाक्याची चलाखी बघा. मासा जगला तर सल्ला बरोबर, मेला तर सल्ला त्याहून बरोबर. चूक सापडायची वाटच बंद! मग दर महिन्याला संकट टळत राहतं आणि पाणी तपासायचं कुणाला सुचत नाही. पाच लिटरमध्ये नऊ गोल्डफिश म्हणजे माशामागे अर्धा लिटरच्या आसपास पाणी. नऊच हवे असतील तर मोठी, निदान तीनेकशे लिटरची टाकी आणि दमदार फिल्टर घ्या, नाहीतर मासे सोडून तसबीर लावा.

‘बेडकाची पिल्लं, अ‍ॅक्सोलॉटल... सोपं असतं’

उभयचरांची कातडी पातळ असते आणि तिच्यातून पाणी आणि वायू आत-बाहेर होतात. त्यामुळे क्लोरीन, साबणाचा अंश, हाताला लागलेलं डास पळवायचं मलम, सगळं थेट अंगात. माशाला चालून जाईल ती ढिलाई इथे चालत नाही.

डबक्यातून बरणीभर पिल्लं उचलून आणली तर त्यांत कुठल्या जातीची आहेत हे कळत नाही. सोनबेडकाची, म्हणजे पावसात पिवळाधमक होणाऱ्या मोठ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी असतात, ती शेजारच्यांना खातात. दोन दिवसांनी बरणीत तीनच उरली की मुलं रडतात. जी उरतात त्यांना पुढचे पाय फुटले की पाण्याबाहेर यायला उतार लागतो; बरणीत तो नसतो, आणि बेडूक होता होता ती बुडून मरतात. शेपूट जिरत असताना ती खात नाहीत, नंतर खातात ते फक्त हलणारे बारीक किडे. ते रोज पकडणार कोण? मुलांना घेऊन रोज त्याच डबक्याकाठी जा. सगळा बदल तिथेच दिसतो, फुकट.

अ‍ॅक्सोलॉटल मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. 24 च्या वर गेलं की खाणं सुटतं, अंगावर बुरशी धरते. आपल्याकडे चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय तो उन्हाळा काढत नाही, आणि चिलर टाकीपेक्षा महाग. पाण्यात बर्फाचे खडे टाकणं हा उपाय नव्हे, त्याने तापमान वर-खाली होत राहतं. शिवाय तो साइटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी आहे. वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर 2024 मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. हे मेसेजमध्ये अर्थातच नाही. ‘हसरा’ म्हणाल तर त्याच्या जबड्याची ठेवणच तशी. मरतानाही तो हसराच दिसतो.

‘नदीत सोडा, पुण्य लागेल’

भीमा नदीवरच्या उजनी धरणातल्या मच्छीमारांना विचारा. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे फूट-दीड फूट होतो. टाकीत मावेना की लोक सोडून देतात. आता तो भीमेच्या पाण्यात जाळ्यांत सापडतो. अंगावर चिलखतासारख्या कडक पट्ट्या, काटेरी पंख. जाळी फाटतात आणि बाजारात कुणी घेत नाही. बेडकांच्या बाबतीत तर पाणीसुद्धा रोग घेऊन जातं: जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी पाळीव आणि व्यापारातल्या प्राण्यांसोबत पसरली आहे.

मासे नको झाले तर घेतले त्या दुकानात परत द्या, पैसे न मागता दिले तर बरेच दुकानदार घेतात. नाहीतर टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. आणि सध्या बाऊलमध्येच मासा असेल तर आजपासून एवढं करा: खाद्य निम्मं, रोज एक लिटर शिळं, क्लोरीन उडालेलं पाणी बदली, एक छोटा हवेचा स्पंज आत. मोठी टाकी बसेपर्यंत त्यावर निभावतं.