दोनशे तेरावी

आपला कोड नीट चालतो का ते बघायला आम्ही प्रोग्रामर छोट्या टेस्ट लिहितो. त्यातल्या नापास होणाऱ्या टेस्टचं मला काही वाटत नाही. लाल होते, बोंब मारते, कुठल्या ओळीत ठेच लागली ते सांगते आणि मोकळी होते. अस्सल कोल्हापुरी स्वभाव. छळते ती अडकलेली. पासही नाही, नापासही नाही. नुसती घुम्यासारखी बसून.

परवा सहाला टेस्ट सोडल्या आणि घरी फोन केला, "दहा मिनिटांत निघतो, रंकाळ्यावर भेळ खाऊ." २१२ टेस्ट पटापट हिरव्या झाल्या. २१३वी बसली.

सातला बायकोचा फोन. "झालं का?"

"होतंय."

"काय होतंय?"

तेच तर कळत नव्हतं!

शेजारच्यानं मान न वळवता विचारलं, "भावा, टाइमआउट लावलायस का?" नव्हता; किती वेळ वाट बघून टेस्ट तोडायची, ती मुदतच दिली नव्हती. टेस्ट चालवणारं पायटेस्ट स्वतःहून कुणाला हाकलत नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोडपुस्ती, घालावं लागतं. आतली, सर्व्हरकडं विचारणा करणारी रिक्वेस्ट्स लायब्ररीही तशीच सोशिक; मुदत दिली नाही तर उत्तराची वाट बघतच राहते. मागं हेच प्रकरण मी गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या दूरच्या मशीनवर, सोडून झोपलो होतो. तिथं मुदत असते, पण आपण न सांगितल्यास ३६० मिनिटांची. तेवढ्यात माणूस पुण्याला पोचून रिक्षावाल्याशी भांडूनही होतो.

आमचे जेस्टवाले, म्हणजे जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारे, पाच सेकंदांच्या आयत्या मुदतीचा तोरा मिरवतात. पण टेस्टमध्ये न संपणारा साधा व्हाइल लूप, म्हणजे तेच तेच करत राहणारा कोड, घालून बघा. सेकंद मोजणाराही त्याच एकुलत्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या त्याच एका रांगेत, त्यामुळं त्याची पाळीच येत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रांग आवरायला माणूस नेमावा आणि तोच पेला घेऊन रांगेत शेवटी उभा राहावा, तसं.

शेवटी प्लगइन घातलं. मुदत किती? माझ्या मशीनवर ही टेस्ट तीन सेकंदांत व्हायची, म्हणून दहा दिले. दहाव्या सेकंदाला टेस्ट तुटली आणि ती नेमकी कुठं बसली होती ते स्क्रीनवर आलं. टेस्टसाठीचा खोटा सर्व्हर मीच लिहिलेला. आदल्या दिवशी त्यात हात घातला होता, तेव्हापासून तो फोन उचलायचा आणि पुढं बोलायचाच नाही.

इतक्यात माझा वाजला.

"आम्ही रिक्षानं रंकाळ्यावर आलोय. तुमची भेळ दहा मिनिटं ठेवते."

राजारामपुरीतून सिग्नल धरून मला बारा लागली. कागदात चार शेंगदाणे होते.