मायक्रोवेव्हमध्ये मोबाइल ठेवून रिंग देऊ नका

‘तुमचा मायक्रोवेव्ह गळतोय का, घरीच तपासा’ या मथळ्याचा मेसेज सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतो आहे. मोबाइल आत ठेवा, दार लावा, दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला तर किरणं बाहेर पडताहेत आणि कॅन्सर ठरलेला. त्याखाली आणखी पाच सूचना आहेत. आमच्या आत्याने खरोखरच फोन आत ठेवला आणि तो वाजल्यावर चांगला चालणारा ओव्हन भंगारात काढायला निघाली, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी ही चाचणीच घ्या. फोन वाजतो तेव्हा ओव्हन बंद असतो. बंद ओव्हनमधून काही बाहेर पडतच नाही, मग मोजलं काय? टॉवरचा सिग्नल आत शिरला, एवढंच. मोबाइलला रिंग वाजवायला एका मिलिवॉटचा अब्जावा भागसुद्धा पुष्कळ होतो. इतकं अडवण्यासाठी ओव्हन बनवलेलाच नसतो.

दुसरं, ओव्हनचं दार एका ठरावीक लहरीसाठी जुळवलेलं असतं. घरगुती ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. काचेमागच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची, त्यातून ही लहर जात नाही. दाराच्या कडेची फट अडवायला आतल्या बाजूने एक खाच असते, तिला चोक म्हणतात. तिची खोली लहरीच्या पाव भागाच्या, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या हिशेबाने ठरते आणि फटीतून निघू पाहणारी लहर ती परत आत वळवते. मोबाइल मात्र ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवरही चालतो. त्या लहरींना हीच खाच नीट अडवत नाही. म्हणून धडधाकट ओव्हनमध्येही फोन वाजतो. उलट, स्वयंपाकघरात नेटवर्क कमी असेल तर खरोखर बिघडलेल्या ओव्हनमध्येही तो वाजणार नाही आणि माणूस निर्धास्त राहील.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आजच्या बहुतेक ओव्हनला एका दाबात ३० सेकंद चालू होणारं बटण असतं. चुकून हात लागला, पोराने दाबलं, की आतल्या फोनमधून ठिणग्या उडतील आणि लिथियम बॅटरी पेट घेईल. गळती तपासायच्या नावाखाली लोकांना आग लावायला शिकवणं चाललंय.

गळती खरी मोजतात कशी, ते अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) १९७१ पासून लागू असलेल्या नियमात स्पष्ट आहे. आत २७५ मिलिलिटर पाणी ठेवून ओव्हन चालू करायचा आणि दारापासून ५ सेंटिमीटरवर मीटरने मोजायचं. विक्रीपूर्वी मर्यादा चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट, पुढे आयुष्यभर ५ मिलिवॉट. अंतर वाढलं की हा आकडा झपाट्याने उतरतो. ५० सेंटिमीटरवर साधारण शंभरावा भाग उरतो. हे मीटर चांगल्या मेकॅनिककडे असतं.

घरी तुम्ही पाहायचं ते डोळ्यांनी. बिजागरी ढिली होऊन दार खाली आलंय का, दाराचे हुक वाकलेत किंवा तुटलेत का, चौकटीवर तेलाचा थर किंवा जळका डाग आहे का. दार उघडल्यावर दिवा लागणं किंवा थोडा वेळ पंखा चालू राहणं बऱ्याच मॉडेलमध्ये नेहमीचं असतं. पण दार उघडं असताना ताटली फिरत राहिली आणि अन्न तापत राहिलं, तर लगेच प्लग काढा. दारामागे सहसा तीन स्विच असतात. दोन वीज तोडतात. ते अडकले तर तिसरा मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडताना-लावताना फ्यूज उडत असेल तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही, स्विच तपासून घ्या. कव्हर मात्र स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब उरू शकतो. चालू असताना तो २००० व्होल्टच्या आसपास असतो.

आता मेसेजमधल्या बाकीच्या पाच सूचना. ‘आतल्या भिंतीवरचा पुठ्ठा पॅकिंगचा असतो, काढून टाका.’ अजिबात काढू नका. तो पुठ्ठा नाही, अभ्रकाची शीट आहे. लहरी तयार करणाऱ्या भागातून, म्हणजे मॅग्नेट्रॉनमधून, त्या ज्या नळीतून येतात तिचं तोंड ती झाकते. ती काढली की वाफ आणि तेल नळीत जातं, ठिणग्या उडतात आणि शेवटी मॅग्नेट्रॉन जातो, म्हणजे ओव्हनमधला सगळ्यात महाग भाग. ती ओल्या फडक्याने पुसा. जळून भोक पडलं असेल तर सुट्या भागांच्या दुकानातून नवी आणा, कात्रीने मापात कापता येते.

‘जंतू मरावेत म्हणून रिकामा चालवा.’ हेही नुकसानीचंच. आत पाणी-अन्न नसलं की लहरी परत मॅग्नेट्रॉनवर येतात आणि तो तापतो. वास घालवायचा असेल तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून ३ मिनिटं चालवा.

मेसेज सांगतो तसं बंद केल्यावर किरणं जायला ५ मिनिटं थांबायची गरज नाही; दिवा मालवल्यावर उजेड रेंगाळत नाही, तसंच हे. अन्न ‘मृत’ होतं या त्यातल्या दाव्यालाही आधार नाही. ही उष्णताच आहे, आणि भाजी भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्व गॅसवरही जातं.

मेसेजमधला एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. पाणी उसळून भाजतं, हे खरं आहे. पण कारण ‘पाण्यात साठलेली किरणं’ नव्हे. नव्या, गुळगुळीत कपात बुडबुडे धरायला जागा नसते, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं. त्यात साखर किंवा कॉफी टाकली की सगळं एकदम उसळतं. पाणी तापवताना कपात लाकडी काडी ठेवा, गरजेपुरताच वेळ लावा, बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट दार उघडू नका. एकदा उकळलेलं पाणी गार झालं म्हणून तोच कप पुन्हा आत ठेवू नका. पहिल्या उकळीत त्यातली हवा निघून गेलेली असते, आणि दुसऱ्या खेपेलाच ते उसळण्याची भीती जास्त.